बोधगयेत आईने विचारलेले प्रश्न

पिंडदानासाठी गयेला आलेली मराठी कुटुंबं विष्णुपद, फल्गू आणि अक्षयवट आटोपलं, की दुसऱ्या दिवशी हमखास रिक्षा ठरवून बोधगयेला जातात. अंतर जेमतेम १२-१३ किलोमीटर. बहुतेक जण दोन तासांत देऊळ 'बघून' परत फिरतात. माझं ऐकाल तर तिथे अख्खा दिवस ठेवा. बोधगयेत बघण्यापेक्षा विचारण्यासारखं जास्त आहे.

आम्ही तिघं बडोद्याहून गेलो होतो. आई, मी आणि माझा १३ वर्षांचा भाचा. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गयेतले विधी आईने अगदी मनापासून केले, पण रात्री लॉजवर ती म्हणाली, "सगळं यथासांग झालं गं. पण ते आता आहेत कुठे, हे कोणी सांगेल का?" मला काही उत्तर सुचलं नाही.

महाबोधी मंदिराच्या आवारात मोबाइल नेता येत नाही, बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. भाच्याचं तोंड एवढंसं झालं. पण त्याचा एक फायदा झाला. त्याला पडलेले प्रश्न तो फोनला न विचारता माणसांना विचारू लागला. आमचं मराठी ऐकून पिंपळाच्या पारापाशी बसलेले एक भिक्खू आमच्याकडे वळून हसले. मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले, पन्नाशीचे. भिक्खूंना 'भंते' म्हणतात, हेही आईला त्यांनीच सांगितलं.

भाच्याचा पहिला प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण विचारतो: बुद्ध ज्याच्याखाली बसले, ते हेच झाड का? नाही. मूळ झाड केव्हाच गेलं. त्याच्या जागी आलेला जुना वृक्ष १८७६ मध्ये कोसळला आणि आज दिसतो तो पिंपळ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८८१ मध्ये लावला. तो जुन्या झाडाच्याच वंशातला मानतात. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने मूळ वृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली. अनुराधपूरला ते झाड अजून उभं आहे आणि त्याची काळजी राजवाड्यासारखी घेतली जाते.

"म्हणजे हे खरं झाड नाही," भाचा हिरमुसला.

"तेच नाही, पण वेगळंही नाही," भंतेजी म्हणाले. या वाक्याचा उपयोग पुढे होणार आहे, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही.

मंदिर विटांचं, सुमारे ५५ मीटर उंच. आत सोनेरी बुद्धमूर्ती, पुढे फुलं, उदबत्त्या, फळं. आईने सवयीने हात जोडले आणि बाहेर येऊन विचारलं, "यांच्यात बुद्ध देवच ना? आमच्या दशावताराच्या चित्रात तर नववे तेच आहेत."

भंतेजींनी शांतपणे सांगितलं की बुद्धांनी स्वतःला देव म्हणवून घेतलं नाही, सृष्टी निर्माण करणारा कोणी आहे असंही शिकवलं नाही. ते वाट दाखवणारे होते, चालायचं ज्याचं त्याने. फुलं वाहतात ती गुरूच्या आदरापोटी, आणि सकाळचं फूल संध्याकाळी कोमेजतं हे रोज डोळ्यांसमोर राहावं म्हणूनही. अवताराचं म्हणाल, तर १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या एकीत हे मत स्पष्ट नाकारलं आहे. भंतेजींची आजी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होती. "त्याच प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, असंही आहे," ते म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे काल आम्ही केलं ते चूक?"

"आमच्या घरी करत नाहीत, आई. तुमच्या घरी करतात. तुम्ही ते कशासाठी केलंत, ते तुम्हालाच माहीत." मग थोडं थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. श्रीलंका, थायलंड, म्यानमारमध्ये लोक भिक्खूंना दान देतात आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसांना अर्पण करताना एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात हळूहळू पाणी ओततात. आई लगेच म्हणाली, "मग पाणी सोडणं तिथेही आहेच की!" भंतेजी हसले. मला त्यांचं आवडलं ते हे, की त्यांनी आपलं मत गिळलं नाही आणि आईचं मनही मोडलं नाही.

मग आईने लॉजवरचा प्रश्न विचारला. माणूस जातो कुठे?

एका दिव्यावर दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातली ज्योत दुसऱ्यात 'गेली' का? मिलिंद राजाला भिक्खू नागसेनांनी दिलेला हा दृष्टान्त. बौद्ध मतात एका शरीरातून दुसऱ्यात जाणारा, कायम टिकणारा आत्मा नाही. मागे राहतो तो परिणामांचा ओघ. तेच नाही, वेगळंही नाही. भाचा लगेच म्हणाला, "झाडासारखं!" दुसरी गोष्ट मालुंक्यपुत्ताची. जग अनंत आहे का, मृत्यूनंतर काय उरतं, हे सांगितल्याशिवाय मी साधना करणार नाही, असा त्याचा हट्ट. बुद्ध म्हणाले, विषारी बाण लागलेला माणूस जर बाण मारणाऱ्याचं नाव-गाव कळल्याशिवाय तो काढू देणार नसेल, तर त्याचं काय होईल?

आईने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही झालं."

"नाही झालं," भंतेजी म्हणाले. "पण बाण दुखतोय हे तर खरं आहे ना? सुरुवात तिथून." बाबांच्या नावाने आई त्या वर्षात चारचौघांत रडली नव्हती. पिंपळाखाली रडली. भाचा तिचा हात धरून बसला.

बाकीचे प्रश्न सोपे होते. चीवरांचे रंग वेगवेगळे का? देशोदेशीच्या परंपरा: थायलंड, श्रीलंकेचे भिक्खू भगव्या-पिवळसर रंगात, तिबेटी लाल-तपकिरीत, कोरियाचे राखाडीत. सगळे बौद्ध शाकाहारी असतात का? नाही. भिक्षेत पडेल ते घ्यायचं हा जुना नियम. मात्र प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा नुसती शंका आली, तरी ते मांस घ्यायचं नाही. चीन, व्हिएतनामच्या परंपरेत भिक्खू पूर्ण शाकाहारी. आणि आमच्या शोकेसमधला पोट सुटलेला 'लाफिंग बुद्धा'? तो गौतम बुद्ध नव्हेच! तो बुदाई, दहाव्या शतकातला मानला जाणारा एक चिनी भिक्खू. ध्यान शिकायचं असेल तर मराठी माणसाला इगतपुरी जवळ. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला शुल्क नसतं, पण दहाही दिवस फोन बंद आणि बहुतेक काळ मौन. भाच्याने विषय बदलला.

ऑक्टोबर ते मार्च हवा चांगली असते. उन्हाळ्यात दुपारी आवारातल्या दगडांवर अनवाणी पाऊल ठेववत नाही, म्हातारी माणसं बरोबर असतील तर वैशाखातली बुद्धपौर्णिमा जपूनच. थाई, भूतानी, जपानी विहार एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत, पण सगळे एका दिवसात नको.

त्यापेक्षा नदीपलीकडे सुजाता स्तूपाला जा. निरंजना नदी, पुढे गयेला हीच फल्गू होते. आम्ही गेलो तेव्हा पात्रात नुसती वाळू होती. सहा वर्षं उपास-तापास करून हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाला सुजाताने खीर दिली, ती कथा या गावची. शरीराला छळून काही मिळत नाही, चैनीतूनही नाही, मधली वाट धरायची, हे त्यांना त्या सुमारास उमगलं. बरोबरचे पाच तपस्वी मात्र 'हा भ्रष्ट झाला' म्हणून सोडून गेले. पुढे सारनाथला पहिला उपदेश त्याच पाचांना झाला.

"खीर कसली होती?" भाच्याने विचारलं.

"तांदळाची," आई म्हणाली. आमच्याकडे तांदळाची खीर फक्त श्राद्धाला होते, एरवी शेवयांची. स्तुपाला एक फेरी घालून ती रिक्षात बसली आणि म्हणाली, "घरी गेलं की करते. सहज म्हणून. ह्यांना फार आवडायची आणि मी वर्षातून एकदाच करायचे."