दुसरा त

पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. पेणहून रोह्याला जाणाऱ्या या रेल्वेवाटेवरच्या एकाही स्थानकाच्या नावात जोडाक्षर नाही. सुटी, ऐसपैस अक्षरं. डोळा कुठे अडत नाही. पेणच्या दुकानांवरही पोहे, पापड, मिरगुंड. पापडात प दोनदा येतो, पण मध्ये काना उभा असतो, आणि दुसरा प लिहायला कुणी विसरल्याचं मी पाहिलेलं नाही.

गळतो तो ‘महत्त्व’मधला दुसरा त. सूचनाफलकावर, लग्नपत्रिकेत, अगदी पाठ्यपुस्तकाच्या मार्गदर्शकातही. दर वेळी मला हळहळ वाटते. ‘महत्’ला ‘त्व’ जोडलं, म्हणून दोन त. तत्त्व आणि सत्त्वाचंही तसंच. अस्ति, प्रभु, नेतृ यांच्या शेवटी त् नाही, म्हणून तिथे एकच. पण ‘महत्व’ लिहिणारा हातच पुष्कळदा ‘अस्तित्त्व’ लिहितो! जोडी कुठेतरी आहे, एवढं मनात पक्कं असतं; जागा तेवढी हलते. इटालियनमध्येही दुहेरी व्यंजनं पुष्कळ. तिथल्या एका मेंदूविकाराच्या रुग्णाचं लेखन कारामात्सा आणि मिचेली या संशोधकांनी तपासलं. १९९० साली त्यांनी मांडलं, की शब्दातली जोडी तो राखायचा, पण ती भलत्याच अक्षराला द्यायचा. अक्षर कोणतं आणि ते दुहेरी आहे का, या दोन गोष्टी मन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतं, हे वाचून मी थक्क झाले.

कानाची मदत होत नाही. ‘अस्तित्व’ मोठ्याने म्हणा. व येण्याआधी जीभ त वर आपोआप जोर देते आणि त दोन झाल्यासारखा वाटतो. स्वरानंतरच्या अशा व्यंजनाच्या द्वित्वाला पाणिनीने विकल्पाने मुभा दिली आहे, इतकी ही सवय जुनी. डोळ्याचीही तीच गत. जुन्या वळणाच्या ‘त्त’मध्ये दुसऱ्या त ला स्वतःचं अंग नसतं. एका त च्या गोलाईवर आडवी रेघ चढते, बस्स. त्याला व चिकटला की ती रेघ गर्दीत हरवते.

आणि रेघ दिसली तरी मन ती मोजेलच असं नाही. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅनविशर यांनी १९८७ साली दाखवलं, की शब्द झरझर दाखवले आणि एकच शब्द थोड्या अंतराने पुन्हा आला, तर वाचणाऱ्याला दुसरी खेप पुष्कळदा जाणवतच नाही. ओळख पटलेली असते; पुन्हा आल्याची नोंद होत नाही.

पुन्हा पेण-रोह्याकडे वळते. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांनी मराठीत आणलेल्या गीतेचा चौदावा अध्याय सत्त्व, रज, तम यांचा. रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवून गेले. संधी सोडवत शब्द शिकणाऱ्या त्या पिढीला दुसरा त डोळ्याने शोधावा लागत नसे. फोड तोंडातच असे. शाळेत शुद्धलेखनाचे गुण कापण्याऐवजी ही फोड मोठ्याने म्हणून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मी अजूनही लिहिताना ‘महत्’ म्हणते, क्षणभर थांबते, मग ‘त्व’.