तालमीची वही

मुलांनो, 'तालीम' हा शब्द तुम्ही घरी नेहमी ऐकता. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र एखादा मुलगा 'मी तालमीला चाललो' असे म्हणाला, तर तो दप्तर घेऊन निघालेला नसतो, लंगोट घेऊन निघालेला असतो. मराठीत कुस्तीच्या आखाड्याला तालीम म्हणतात. तेथे शिकवणारा उस्ताद मराठीत 'वस्ताद' झाला. पहलवानाचा 'पैलवान' झाला आणि कुश्तीची 'कुस्ती' झाली. शब्दांचे रूप थोडे बदलले, पण मूळ अर्थाची खूण राहिली. तालीम म्हणजे शिकण्याची जागा. आणि शिकायचे म्हटले, की वही आलीच. आज मी तुम्हांला तालमीच्या वहीविषयी सांगणार आहे.

माझे बालपण कोल्हापूर जिल्ह्यातील एका लहान गावात गेले. मी सातवीत असताना अब्बांनी मला गावच्या तालमीत घातले. पुढे बी.एड. करताना कॉलेजजवळ कराटेचा एक वर्ग चालत असे. तेथे मी जाऊ लागलो. नोकरी लागल्यावर ज्युदो शिकलो. तालमीत पायांखाली तांबडी माती असते. कराटेचा आमचा वर्ग साध्या फरशीवर भरे. ज्युदोला गादी लागते. कुस्तीत अंगावर लंगोटच असतो, त्यामुळे समोरच्याचे अंगच पकडावे लागते. ज्युदोत जाड सुती अंगरखा घालतात आणि त्याची कॉलर व बाही पकडतात. कराटेत पकडापकडीपेक्षा अंतर राखण्याला महत्त्व. ठोसा कोठे थांबवायचा, हेही तेथे शिकावे लागते. अशा तीन विद्या मी तीन गुरूंकडे शिकलो. या तिन्हींसाठी माझी वही मात्र एकच होती.

ही वही अब्बांमुळे सुरू झाली. त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. दुकान बंद करण्यापूर्वी ते दररोज रोजकीर्द लिहीत. किती पंक्चर काढले, किती पैसे आले, उधारी कोणाकडे राहिली, सगळे त्यात असे. तालमीत जाऊ लागल्यावर त्यांनी मला एक लांबट वही दिली आणि म्हणाले, "दुकानाचा हिशोब आपण लिहितो. मग अंगाचा हिशोब का नको?"

पहिल्या दिवशी मी लिहिले : 'जोर १५, बैठका ३०. उजवा हात लवकर थकला.' एवढेच. वस्तादांनी ती वही पाहिली, तेव्हा ते हसले. "आरं पोरा, पैलवानाचा हिशोब मातीत असतोय," ते म्हणाले, "कागदावर लिहून कुणाचं अंग तयार झालंय का?" तालमीतली पोरेही हसली. तरी मी लिहीत राहिलो. अब्बा रात्री रोजकीर्द लिहीत, मी त्यांच्या शेजारी बसून माझी वही लिहीत असे.

ही वही काय कामाची, असे तुम्ही विचाराल. तिचा मोठा उपयोग मला कळला, तो माझ्या गुडघ्यामुळे.

त्या वर्षी सकाळी तालीम आणि संध्याकाळी कराटे असा माझा क्रम होता. एके दिवशी जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कळ आली. मी डॉक्टरांकडे गेलो. "केव्हापासून दुखते?" त्यांनी विचारले. अशा वेळी आपण सगळेच म्हणतो, "बरेच दिवस झाले." त्या उत्तराचा डॉक्टरांना काय उपयोग? मी त्यांच्यासमोर वही ठेवली. गेल्या दोन महिन्यांत गुडघ्याची नोंद सहा वेळा आली होती. त्यांतील पाच नोंदी बुधवारच्या किंवा शनिवारच्या होत्या. डॉक्टरांनी आदल्या दिवसांची पाने पाहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तालमीत बैठका जास्त असत आणि त्याच संध्याकाळी कराटेत लाथांचा सराव असे.

माझे वस्ताद काही चुकीचे सांगत नव्हते. त्यांनी सांगितलेल्या बैठका माझ्या वयाला योग्य होत्या. कराटेचे शिक्षकही जास्त करून घेत नव्हते. पण वस्तादांना कराटेचे वेळापत्रक ठाऊक नव्हते आणि कराटेच्या शिक्षकांनी आमची तालीम पाहिलेली नव्हती. तालमी दोन होत्या, गुडघा मात्र एकच होता! दोन्हीकडचे ओझे एकत्र कोठे दिसत असेल, तर ते फक्त माझ्या वहीत.

डॉक्टरांनी काही दिवस विश्रांती सांगितली. नंतर बैठका निम्म्या करायच्या आणि बैठका व लाथा एकाच दिवशी घ्यायच्या नाहीत, असे ठरले. मांडीच्या स्नायूंसाठी त्यांनी दोन साधे व्यायामही दाखवले. पुढच्या दोन महिन्यांच्या पानांवर 'गुडघा' हा शब्द हळूहळू कमी झाला आणि मग आलाच नाही.

वहीने मला आणखी एक गोष्ट दाखवली. एका सुट्टीत मी जुनी पाने वाचत बसलो होतो. तालमीच्या पानावर वस्तादांचे वाक्य होते : 'कंबर खाली ठेव.' काही वर्षांनंतरच्या कराटेच्या पानावर होते : 'ठोशाची ताकद खांद्यातून नाही, कमरेतून येते.' आणि ज्युदोच्या पानावर होते : 'आधी आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली ने, मग उचल.' त्या तिघांची एकमेकांशी कधी भेट झाली नव्हती. तरी तिघेही कमरेविषयीच बोलत होते! कुस्तीत 'धोबीपछाड' नावाचा डाव आहे. धोबी कपडा खांद्यावरून दगडावर आपटतो, तसे समोरच्याला पाठीवर घेऊन पुढे टाकायचे. ज्युदोत 'सेओईनागे' शिकलो, तेव्हा मी वहीत लिहिले : 'हा तर आपल्या धोबीपछाडीचा भाऊ.'

अशी तुलना करणारे थोर लोक होऊन गेले आहेत. जपानचे जिगोरो कानो तरुणपणी जुजुत्सू या जुन्या विद्येच्या दोन घराण्यांत शिकले. दोन्हीकडे काय चांगले आहे याचा त्यांनी विचार केला आणि १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था सुरू केली. तेथूनच ज्युदोचा प्रसार झाला. कानो हे पेशाने शिक्षक होते. शिक्षक घडवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. ओकिनावा बेटावरचे कराटे १९२२ मध्ये टोकियोत दाखवणारे गिचिन फुनाकोशी हेही शाळेत शिकवत असत. माझ्यासारख्या मास्तराला हे वाचून किती आनंद झाला असेल, ते तुम्हीच ओळखा.

ब्रूस लीचे नाव तर तुम्ही ऐकलेच असेल. त्याच्या लाथा सगळ्यांना आठवतात, पण त्याच्या वह्या थोड्यांनाच ठाऊक आहेत. तो हाँगकाँगमध्ये यिप मान यांच्याकडे विंग चुन ही विद्या शिकला. पुढे मुष्टियुद्ध आणि तलवारबाजी यांतूनही त्याने पुष्कळ काही घेतले. आपल्या सरावाच्या नोंदी तो तारीखवार ठेवत असे. १९७० मध्ये त्याच्या पाठीला मोठी दुखापत झाली आणि त्याला काही महिने अंथरुणावर काढावे लागले. हातपाय थांबले, तरी लेखणी थांबली नाही. त्या काळात त्याने पुष्कळ टिपणे लिहिली. १९७३ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९७५ मध्ये त्याच्या टिपणांचे पुस्तक निघाले आणि जगभरचे लोक ते आजही वाचतात.

माझ्या वहीत प्रत्येक पानावर दोन तारखा असतात, एक इंग्रजी आणि एक हिजरी. याचे कारण रमजान. हिजरी वर्ष लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये. रोजे असताना मी जोर-बैठका करत नाही. इफ्तारपूर्वी थोडा वेळ हलक्या हालचाली करतो, बस्स. साहजिकच ईदनंतर पहिल्या दिवशी अंग जड वाटते. आता पूर्वीसारखे जमणारच नाही, असे मनात येते. मग मी मागच्या वर्षांची पाने उघडतो. दरवर्षी ईदनंतर आकडे खाली असतात आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा आपल्या जागी येतात. वही सांगते, 'घाबरू नकोस, हे दरवर्षी होते.'

आता आमच्या शाळेतील एक गोष्ट सांगतो. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर मी मुलामुलींना कराटे शिकवतो. प्रत्येकाने वही ठेवायची, असा आमचा नियम आहे. नववीतील एका मुलीने विचारले, "सर, ज्या दिवशी सराव झाला नाही, त्या दिवशी काय लिहायचे?" मी म्हणालो, "झाला नाही, असेच लिहायचे. आणि का झाला नाही, तेही." पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत एक नोंद होती : 'आज सराव नाही. अम्मीला ताप. नळावरून पाणी भरले, १४ कळश्या.' मी त्या नोंदीखाली सही केली. चौदा कळश्या उचलणे हेही अंगाचे कष्टच आहेत. ते वहीत आले नसते, तर दुसऱ्या दिवशी तिचे हात का थकले, हे मला कसे कळले असते?

म्हणून सांगतो, वहीत खरे तेच लिहा. साठ बैठका काढल्या, तर साठच लिहा. शंभर लिहिल्याने वही फुगते, मांडी नाही. शेजारच्या मुलाचे आकडे आपल्या वहीत लिहू नका. तारीख, कोणती विद्या, किती सराव, गुरू काय म्हणाले आणि अंग कसे आहे, एवढ्या पाच गोष्टी पुरेत. त्याला पाच मिनिटे लागतात.

गुरू काय म्हणाले, हे मात्र त्यांच्याच शब्दांत लिहा. असे का म्हणतो, ते ऐका. वहीला हसलेले आमचे वस्तादच पुढे मला विचारू लागले होते, "तुझी ती वही काढ. गेल्या साली मी काय म्हणालो होतो?" ते स्वतः फार शिकलेले नव्हते. त्यांनी आयुष्यात एकही ओळ लिहून ठेवली नाही. तीन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांच्यामागे तालीम राहिली, तांबडी माती राहिली. पण कोणत्या पोराला केव्हा काय सांगायचे, हे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. काही महिन्यांनी त्यांचा नातू माझ्याकडे आला. तो आता तालमीत लहान मुलांना शिकवतो. "आजोबांचं काही तुमच्या वहीत आहे म्हणतात," तो म्हणाला. आम्ही दोघे जुन्या वह्या घेऊन बसलो. त्यांत वस्तादांची एकेचाळीस वाक्ये निघाली. 'पडायला लाजू नको, उठायला उशीर लावू नको.' 'डोळ्यांकडं बघू नको, कमरेकडं बघ. डोळं फसवत्यात, कंबर फसवत न्हाई.' नातू एकेक वाक्य उतरून घेत होता. मध्येच त्याने पेन खाली ठेवले आणि डोळे पुसले. "हे ते मलाबी म्हणायचे," तो म्हणाला, "पण मी विसरलो होतो."

मुलांनो, तुमच्यातील सगळेच काही कुस्ती किंवा कराटे शिकणार नाहीत. कोणी क्रिकेट खेळेल, कोणी शिवणकाम शिकेल, कोणी कुराणपठणाचा सराव करील. शाळेतही गणिताचे सर गणित पाहतात, मराठीच्या बाई मराठी पाहतात. सगळ्या विषयांचे ओझे वाहणारे डोके मात्र एकच असते, आणि त्याचा हिशोब तुमच्याशिवाय दुसरे कोणी ठेवू शकत नाही. तेव्हा एक साधी वही घ्या. आजची तारीख घाला. आज काय केले, आज कोण काय म्हणाले, ते दोन ओळींत लिहा. अक्षर वाईट असले तरी चालेल. लिहिलेले खरे असले, म्हणजे झाले.