अस्वलाचा अंगरखा

चि. सौ. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. छकुलीच्या वाढदिवसानिमित्त तिच्या अस्वलासाठी व सशासाठी कपडे शिवून पाठवावेत, हा तुझा अर्ज मी मामीच्या शिफारशीची वाट न पाहता मंजूर केला आहे. परंतु पत्राच्या शेवटी, बाजारात कपडे घातलेलीच अस्वले मिळत असताना मामाला हा त्रास द्यावा की नाही, अशी जी शंका तू भीतभीत नोंदविली आहेस, तिचे उत्तर चार ओळींत आटोपण्याजोगे नाही, आणि उभा जन्म महसूल खात्यात संक्षिप्त शेरे मारण्यात घालविलेल्या माणसाला निदान सेवानिवृत्तीनंतर तरी सविस्तर उत्तरे लिहिण्याची मुभा असावी.

बाजारातली ती अस्वले मी दुकानात हाती घेऊन, दुकानदाराच्या कपाळावरील आठ्यांची पर्वा न करता, उलटसुलट करून पाहिली आहेत. त्यांचे कोट पाठीशी टाके घालून अंगालाच जखडलेले असतात; गुंड्या असतात पण काजे नसतात, खिसे असतात पण त्यांना तोंड नसते. असे खेळणे मुलाच्या हाती पडले की पहिल्या घटकेतच ते मूल तो कोट ओढून पाहते, आणि तो निघत नाही अशी खात्री पटल्यावर त्या वस्त्राविषयीची त्याची आस्था कायमची संपते. आपण मोठी माणसे वस्त्र म्हणजे अंगावर चढवावयाची वस्तू असे गृहीत धरून चालतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र वस्त्राचा परमोच्च गुण म्हणजे ते काढता येणे. ज्या मुलीला दिवसातून दोनदा कोणीतरी न विचारता उचलते, जिच्या डोक्यातून झगा ओढते, बाहीत हात अडकला असता 'सरळ उभी राहा' म्हणून दटावते, त्या मुलीला हाच अंमल आपल्याहून लहान अशा कोणावर तरी चालविण्याची अनिवार इच्छा असते. आणि आपण तिला जे देतो ते कापड नसून त्या अंमलाची सनद असते, असे माझे ठाम मत आहे.

या मताला मी एका थोर स्त्रीची साक्ष काढतो. बीट्रिक्स पॉटर या इंग्रज बाईंनी १८९३ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडमधून आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला पत्र लिहावयास घेतले, आणि लिहिण्यासारखे काही सुचेना म्हणून चार सशांची एक गोष्टच चित्रे काढून त्यात घातली. १९०२ साली प्रसिद्ध झालेले पीटर सशाचे पुस्तक हे त्या खासगी पत्राचेच अपत्य होय. पीटरच्या अंगात निळा कोट आहे, त्याला पितळी गुंड्या आहेत, आणि कथेची सगळी मौज त्या कोटाच्या अंगावर असण्यात नसून गळून पडण्यात आहे. बागेत माळी पाठीस लागतो तेव्हा प्रथम पीटरचे जोडे जातात, एक कोबीत नि दुसरा बटाट्यांत, आणि जोडे गेल्याबरोबर तो चार पायांवर अधिक वेगाने धावू लागतो. पुढे गुंड्या जाळीत अडकतात, तेव्हा कोट तेथेच टाकून तो निसटतो. कोट अंगावर असेतो तो आईच्या सूचना ऐकून घेतलेला एक घरंदाज मुलगा होता, कोट गळताच तो जिवाच्या भीतीने पळणारा ससा झाला, आणि माळ्याने त्या कोटाचे बुजगावणे केले. १९०४ च्या पुढल्या पुस्तकात बेंजामिन नावाच्या आपल्या भावंडाबरोबर तो कपडे परत आणावयास जातो. १९०३ साली बाईंनी स्वतः सुईदोरा घेऊन पीटरची कापडी प्रतिमा शिवली आणि ती पेटंटच्या कचेरीत रीतसर नोंदविली, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. परंतु त्याहून मोठी गोष्ट त्यांना कळली होती ती ही, की प्राण्याला कपडा घालताना त्याचे प्राणिपण कपड्याखाली शाबूत राहिले पाहिजे, आणि मुलाला हवे तेव्हा ते उघडे करून पाहता आले पाहिजे.

जनावराला कपडे कसले, असे तुझ्या सासूबाई म्हणतील. त्यांना पोळ्याची आठवण दे. ज्या मुलखात वर्षातून एक दिवस बैलाच्या पाठीवर आरशांची झूल चढते, शिंगांना बेगड नि गोंडे लागतात, आणि जेथे देव्हाऱ्यातल्या बोटभर बाळकृष्णालाही थंडीत लोकरीचे टोपडे मिळते, तेथे अस्वलाच्या अंगरख्यावर हरकत घेण्यास आधार नाही. शिवाय बाळंतविडा ही आपली चाल घे. झबली, टोपडी, दुपटी, कुंची हे सारे घरी शिवून, अजून ज्याचे तोंडही धड पाहिले नाही अशा जिवासाठी एका पेटीत घालून पाठविणे, यात मापाचा अंदाज आणि मायेचा अंदाज एकाच हाताने घ्यावा लागतो. अस्वलाच्या शिवणात मी काही नवे करतो असे नाही, त्याच विड्याचा हा एक उशिरा पाठविलेला हप्ता आहे.

मऊ, भरीव, कुशीत घेण्याजोगे जनावर मात्र आपल्याकडचे नव्हे. आपले हत्ती लाकडी, आपले बैल मातीचे, आणि चिंध्यांची असे ती केवळ बाहुली. जगातला हा मऊ प्राणिसंग्रह बव्हंशी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या टोपलीतून बाहेर पडला. जर्मनीतील गिंगेन गावी १८४७ साली जन्मलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांचे पाय बालपणीच पोलिओने लुळे झाले, उजवा हातही दुर्बल राहिला. मशीनचे चाक डाव्या हाताने फिरविता यावे म्हणून त्या मशीनच उलटे करून घेत. १८७७ साली त्यांनी फेल्टच्या कपड्यांचे दुकान मांडले, आणि थोड्याच काळाने एका मासिकातील नमुन्यावरून टाचण्या खोचण्यासाठी म्हणून फेल्टचे लहानसे हत्ती केले. बायकांनी ते घेतले शिवणासाठी आणि ते पळविले मुलांनी. टाचण्या बाजूस राहिल्या नि कारखाना उभा राहिला. हातपाय वळणारे अस्वल त्यांच्या पुतण्याने १९०२ साली योजिले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारले, त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, आणि अस्वलजातीस टेडी हे नाव पडले, हा इतिहास तुला ठाऊक असेलच.

आता कामाकडे वळतो. पहिली गोष्ट, माणसाच्या मुलाचे बेतणे लहान करून अस्वलास लावणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय, कारण अस्वलाच्या देहाची मोजणी सर्वस्वी निराळी निघते: त्याला गळा नाही, खांदे जवळजवळ नाहीत, डोके धडाहून रुंद, पोट पुढे आलेले, हात बाजूंना नसून किंचित पुढे झुकलेले, आणि पाय इतके आखूड की विजारीत पायांपेक्षा बैठकीलाच अधिक कापड लागते. डोके रुंद असल्यामुळे वरून घालण्याचा सदरा जात नाही, आणि पुढून उघडणारा घातला तर पोटावर गुंड्या ताणतात. म्हणून अंगरखा पाठीमागे गळ्यापासून खालपर्यंत पुरता उघडा ठेवावा, हा माझा पहिला नियम. माप फितीने घेऊन भागत नाही. जुन्या मलमलीचा तुकडा अस्वलाच्या अंगाभोवती टाचण्यांनी बसवावा, मान, मुंढा नि बगल जेथे येतात तेथे पेन्सिलीने रेघा ओढाव्यात, तो तुकडा उतरवून कागदावर आखावा, मग मांजरपाटाचा खर्डा शिवून पाहावा आणि फेरमोजणीत जे निष्पन्न होईल त्याप्रमाणे दुरुस्ती करूनच चांगल्या कापडाला कात्री लावावी. केसाळ अंगाला घोळ थोडा अधिकच द्यावा लागतो, नाहीतर शिवताना बरोबर झालेला कपडा घालताना हट्टास पेटतो.

दुसरी गोष्ट बाहीची. इतक्या लहान मुंढ्यात गोल शिवलेली बाही बसविणे मशीनला शक्य नाही, माणसाला तर नाहीच. म्हणून खांद्याची टीप झाल्यावर कापड सपाट असतानाच बाही जोडावी, आणि मग बाहीच्या टोकापासून बगलेतून खाली घेरापर्यंत एकच टीप मारावी. पाव इंच माया सोडली की पुरे, आणि बगलेत त्या मायेला बारीक कात्रे द्यावेत. गळ्याला पट्टी लावण्याच्या भरीस न पडता सबंध अंगाला मऊ अस्तर जोडून उलटवावे, म्हणजे एकही कच्ची कड उरत नाही. मुले कपडा उलटा करून पाहतात, आणि कित्येकदा मुद्दाम उलटाच घालतात, तेव्हा आतली बाजू ही बाहेरचीच समजून शिवलेली बरी. सशाच्या विजारीस मागच्या शिवणीत शेपटासाठी फट ठेवली आहे. टोपीला कानांसाठी दोन भोके न पाडता ती मागे उघडी ठेवली, कारण कान भोकांतून ओढताना पहिल्याच आठवड्यात उसवतात.

बंदांविषयी मामीचा नि माझा मतभेद झाला, आणि अपिलात निकाल तिच्या बाजूने लागला. माझा कल टिचबटणांकडे होता. तिचे म्हणणे, लहान बोटांना ती दाबता येतात पण उघडताना कापडच फाटते. चिकटपट्टी केसांत अडकते, म्हणून ती दोघांनीही नामंजूर केली. छकुलीच्या अस्वलाला मोठ्या काजांच्या दोन ठळक गुंड्या लावल्या आहेत, आतल्या बाजूस लहान गुंडी आधाराला घेऊन दुहेरी दोऱ्याने पक्क्या केल्या आहेत आणि मामीने त्या दातांनी ओढून पाहिल्या आहेत. ससा मात्र बाळाच्याही तोंडी जातो असे तू लिहिलेस. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती गुंडी, मणी किंवा लांब नाडी असता कामा नये, म्हणून सशाच्या कपड्यांत नेफ्यात इलॅस्टिक आहे, सुटे असे काहीच नाही, आणि खिशावरचे गाजर कापड जोडून न करता दोऱ्याने भरले आहे.

पायांत काय घालावे, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण येईल. पॅडिंग्टन नावाचे ते पेरूहून लंडनला आलेले पुस्तकातले अस्वल १९७२ साली जेव्हा कापडाचे झाले, तेव्हा ते उभे राहीना. करणाऱ्या बाईंनी त्याच्या पायांत रबरी बूट चढविले आणि ते उभे राहिले. वस्त्र केवळ शोभेला नसते हे सांगण्यास याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तुमचे अस्वल बसणारे आहे, त्यामुळे मी जोड्यांची तरतूद तूर्त केलेली नाही.

कापड म्हणशील तर एक अंगरखा तुझ्या आजीच्या जुन्या लुगड्याचा आहे. काठ खाली घेराला घेतला असून पदराचा चौकडा पाठीवर आला आहे. इतक्या लहान अंगावर मोठी फुले अर्धवट कापली जातात, म्हणून बाकीच्यांना बारीक छिटे वापरली, आणि नवे कापड होते ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतले. नवरीचा शालू, फेटा, फौजदाराचा पोशाख असले काही मी केलेले नाही आणि कोणी सांगितले तरी करणार नाही. मोठ्यांना ते पाहून हसू येते, पण त्या पोशाखात अस्वलाला एकच काम उरते, फौजदार होण्याचे. साध्या बंडीतले अस्वल सकाळी आजारी पडू शकते, दुपारी शाळेत जाऊ शकते, आणि संध्याकाळी छकुलीवर रुसूही शकते. खर्चाचा तपशील तू मागू नयेस. दोरा, अस्तर नि गुंड्या यांपलीकडे जमाखर्चात दाखविण्याजोगे काही नाही, आणि वेळेची किंमत लावण्याची पद्धत आमच्या खात्यातही नव्हती.

पुडके उद्या टपालाने रवाना करीत आहे. ते छकुलीलाच उघडू दे, आणि कपडे तू अस्वलाला घालून दाखवू नकोस; उलटी बाही घातली तरी हात मध्ये घालू नकोस. धुवावयाचे झाल्यास लुगड्याचा अंगरखा निराळा, थंड पाण्यात. पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा दोघांसाठी मेणकापडाचे इरले करावयाचे मनात आहे. सशाच्या कानांची उंची मुळापासून टोकापर्यंत, आणि अस्वलाच्या डोक्याचा घेर कानांच्या खालून, असे दोन आकडे उलट टपाली कळव. मापे छकुलीला घेऊ दे, तू फक्त लिहून काढ.

जावईबापूंस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद. मामीने वेगळे लिहिलेले नाही, पण सशाच्या खिशात खडीसाखर तिने ठेवली आहे, ती मुंग्यांच्या आणि बाळाच्या आधी काढून घेणे.

तुझा मामा