उस्तादाचा जुनून

जॉन पॅट्रिक शॅन्ली यांचे 'चेलिनी' हे नाटक २००१ साली न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. फ्लॉरेन्सचा शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी (१५००-१५७१) याच्या आत्मचरित्रावर ते बेतले आहे. हे आत्मचरित्र त्याने बरेचसे एका चौदा वर्षांच्या मुलाला सांगून लिहवून घेतले. उर्दू शाळेत इमला सांगणारे आम्ही. आमची नजर आधी त्या लिहिणाऱ्या पोराकडेच गेली.

काय काय उतरवून घेतले असेल त्याने! पर्सियसचा पुतळा ओतताना उस्ताद तापाने फणफणलेला, भट्टीतला धातू गोठू लागलेला. तेव्हा घरातली कथिलाची सुमारे २०० ताटे-भांडी त्याने आत टाकली. १५५४मध्ये पुतळा लोकांपुढे आला. पण त्याच तोंडाने, त्याच ऐटीत, भावाच्या मारेकऱ्याला आपण कसे संपवले तेही त्याने सांगितले.

मुलांना आम्ही नेहमी म्हणतो, कामात जुनून हवा. मग या माणसाचे काय सांगावे? आम्हांला वाटते, दोन्ही सांगावे. आपल्या घरची ताटे भट्टीत टाकणे हा जुनून. दुसऱ्याचा जीव घेणे हा जुनून नव्हे. हा फरक मुलांना आम्हीच दाखवायचा. अर्धाच इमला सांगून वही मिटायला लावणे शिक्षकाला शोभत नाही.