बडोद्याच्या चित्रदालनात

इंदूरहून रात्रीच्या गाडीने रतलाममार्गे बडोद्यास उतरलो, तेव्हा मनात एकच हेतू होता : राजा रविवर्मा यांची व्यक्तिचित्रे या वेळी विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावयाची. घरी आईचे तैलचित्र अर्धवट पडले होते. नाक, नथ, जरीचा काठ, सारे छायाचित्राबरहुकूम उतरले होते; आई मात्र त्यात कोठेच नव्हती.

लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयाची इमारत मुळात राजघराण्यातील मुलांच्या शाळेची. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांच्यामुळे रविवर्मा बडोद्यास आले. त्यांनी रंगविलेली राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे व पौराणिक चित्रे आज येथे आहेत.

एका राजस्त्रीच्या चित्रापुढे बराच वेळ थांबलो. दुरून सोन्याचा भासणारा काठ जवळ जाताच पिवळ्या-तपकिरी फटकाऱ्यांत विरघळला. ओठांच्या कोपऱ्याशी तर रेषा शोधूनही सापडेना. सावली हळूच उजेडात मिसळली होती. माझी चूक तेथे उमगली. जेथे भाव वसतो, त्या डोळ्यांच्या व ओठांच्या कडाच मी ठसठशीत कोरून ठेवल्या होत्या. आणि आई शेजारच्या खोलीत असताना मी तिला छायाचित्रात शोधीत होतो!

घरी परतल्यावर चेहऱ्यावरचा ओला रंग सुरीने खरवडून काढला व आईला खिडकीपाशी बसविले. प्रथम टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने केवळ छाया मांडल्या. डोळे किलकिले करून पाहिले की त्यांचे मोठे आकार स्पष्ट दिसतात. वरच्या थरांत जवसाचे तेल क्रमाक्रमाने वाढविले. खालचा थर अधिक तेलकट असला, तर वरचा रंग पुढे तडकतो. छाया पातळ ठेवल्या, कपाळावरचा उजेड मात्र जाड रंगाने दिला. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही गालाची कड कोरड्या कुंचल्याने मवाळ करता आली.

आई बोलत होती. माहेरच्या विहिरीविषयी, गेलेल्या भावाविषयी. बोलता बोलता डावी भुवई किंचित वर जाई. इतक्या वर्षांत ती मी कधी पाहिलीच नव्हती.

चित्र पुरे झाल्यावर तिने चष्मा पुसला व बराच वेळ पाहिले.

"नथ काही नीट जमली नाही रे," ती म्हणाली, "पण ही अगदी माझ्या आईसारखी दिसते."

नथ मी तशीच राहू दिली.