सोडणे, सुटणे, टाकणे

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि आपल्या तरुणांच्या बोलीत इंग्रजी शब्द अधिकच रुळले. जुना संगणक ‘स्क्रॅप’ करतात, कचरा ‘डंप’ करतात आणि मित्राला ‘डिच’ करतात. डिच म्हणजे मुळात चर. वस्तूंचे असे शब्द माणसाला लावले, की माणूसही कचऱ्याच्या मोलाचा होतो.

आपली मराठीही निर्दोष नाही. पतीने त्यागलेल्या स्त्रीला तिने ‘टाकलेली’ म्हटले. तरीही तिने एक सूक्ष्म भेद जपला आहे: आपण सोडतो ते स्वेच्छेने, सुटते ते इच्छेविरुद्ध. १९२१ साली याच तालुक्यातील शेतकरी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले. अखेर धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. त्या शेतकऱ्यांनी गाव सोडले नाही. त्यांचे गाव सुटले.

म्हणून वाचकहो, ‘तो घर सोडून गेला’ असे कोणाविषयी सहज म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. त्याने घर सोडले, त्याचे घर सुटले, की आपणच त्याला टाकले?