कढई तापली की गल्ली जागी होते!

काशीला निघालेला मराठी माणूस गंगास्नान, विश्वनाथाचं दर्शन आणि श्राद्धविधी यांचा हिशेब मांडूनच गाडीत बसतो. सकाळच्या खाण्याचं काय? 'मिळेल ते खाऊ', एवढीच तयारी! बनारसी माणसाचं मात्र तसं नाही. त्याचा दिवस न्याहारीने सुरू होतो, आणि तीही बरेचदा घरात नव्हे, तर गल्लीतल्या ओळखीच्या हलवायाकडे.

ही न्याहारी अनुभवायची तर संकठा घाटापासून सुरुवात करावी. एका बाजूला शिंदे घाट, दुसऱ्या बाजूला गंगामहाल घाट आणि त्यापुढे नागपूरकरांचा भोसले घाट. नावं ऐकूनच मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटावं, असा हा शेजार! पायऱ्या चढून वर गेलं की संकठादेवीचं मंदिर. देवीला नमस्कार करून गल्ल्यांमधून चौखंबा आणि ठठेरी बाजाराच्या दिशेने निघावं. ठठेरी बाजार म्हणजे आपली तांबट आळी. या गल्ल्यांत मोटार शिरत नाही. समोरून गाय आली, तर माणसानेच भिंतीला चिकटून उभं राहायचं!

थोडं पुढे गेलं की तुपाचा आणि हिंगाचा वास येतो. एवढंसं दुकान, दर्शनी भागात भली मोठी कढई आणि भोवती गिऱ्हाईकांचं कोंडाळं. इथली कचोरी आपल्याकडच्या कोरड्या, फुगीर कचोरीसारखी नसते. 'बडी कचौडी' म्हणजे उडदाच्या वाटलेल्या डाळीचं मसालेदार सारण भरलेली मऊ पुरीच. 'छोटी कचौडी' खुसखुशीत. सोबत बटाटा आणि हरभऱ्याची रस्साभाजी, पुष्कळदा कांदा-लसणाशिवाय केलेली. पानांच्या द्रोणात हे सारं घ्यायचं आणि उभ्यानेच खायचं. वर गरम जिलेबी हवीच. तिखटानंतर गोड नव्हे, दोन्ही बरोबरच!

थंडीत गेलात, तर 'मलइयो' चुकवू नका. आटवलेलं दूध रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशर-वेलचीचा हा पिवळसर फेस कुल्हडमध्ये मिळतो. तोंडात टाकला की विरघळतो. ऊन चढलं की हा फेस बसतो, म्हणून उशिरा उठणाऱ्याच्या नशिबी मलइयो नाही!

अशा दुकानांचं आकर्षण केवळ चवीत नाही. ती घरची दुकानं असतात. वडील गल्ल्यावर, मुलगा कढईपाशी, पुतण्या द्रोण भरतोय, हे इथलं नेहमीचं चित्र. पदार्थ दोन-तीनच, त्यामुळे नासधूस नाही. माल संपला की सकाळचा कारभार आटोपला. रोजच्या गिऱ्हाईकाला काय हवं, हे विचारावं लागत नाही. तो दोन दिवस दिसला नाही, तर मात्र त्याची चौकशी होते. पुण्याचं बेडेकर किंवा दादरचं प्रकाश ज्यांना माहीत आहे, त्यांना हा जिव्हाळा वेगळा समजावून सांगायला नको.

ठठेरी बाजारातल्या राम भांडारने तर इतिहासातही जागा मिळवली आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात इथे तिरंगी बर्फी तयार झाली. झेंडा हाती धरणं हा गुन्हा होता, मिठाई खाण्याला कोण अडवणार? या बर्फीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण मानांकन पदार्थाला मिळतं, गल्लीला नाही. विश्वनाथ धामासाठी ३०० हून अधिक मालमत्ता घेण्यात आल्या आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी धामाचं उद्घाटन झालं. भाविकांची मोठी सोय झाली, पण काही जुन्या गल्ल्या कायमच्या पुसल्या गेल्या. जून २०२५ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, लंका भागात, रस्ता रुंदीकरणासाठी 'चाची की दुकान' आणि 'पहलवान लस्सी' ही प्रसिद्ध दुकानं पाडण्यात आली. चाचीच्या कचोरीबरोबर तिच्या प्रेमळ शिव्याही गिऱ्हाईकं आवडीने खात, असं बनारसी सांगतात!

वाढत्या शहराला रुंद रस्ते हवेत, हे खरंच. कढई दुसरीकडे हलवता येते, कारागीरही नेता येतो. पण सकाळी घरून चालत येणारा शेजार बरोबर कसा नेणार? नव्या जागी चव तीच राहील, चौकशी करणारे मात्र पांगलेले असतील.

संकठा घाटाजवळच्या गल्ल्यांत कढया आजही पहाटे तापतात. तेव्हा काशीयात्रेच्या वेळापत्रकात एक सकाळ मोकळी ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या आणि हॉटेलातला नाश्ता त्या दिवशी टाळा. कढईपाशी थोडं थांबावं लागेल, पण शेजारी उभा असलेला बनारसी माणूस गप्पांत वेळ कसा गेला हे कळू देणार नाही.